अटॅकनंतर खाट की अंगण?

नागपूरहून माणूस स्टेंट टाकून गावी परततो. दोघं धरून त्याला गाडीतून उतरवतात, ओसरीवर खाट टाकलेलीच असते. चार दिवस सोयरेधायरे भेटायला येतात आणि जाताना प्रत्येक जण तेच सांगून जातो, "भाऊ, आता काहीच करू नका, पडून राहा." बांधीतली कामं मुलाकडे जातात, बैल भावाकडे. सहा महिन्यांनी हाच माणूस हातपंपापर्यंत गेला तरी धापा टाकतो. घरचे म्हणतात, हृदय कमजोर झालं. पुष्कळदा खरं कारण ती खाट असते.

एके काळी डॉक्टरही हाच सल्ला देत. झटक्यानंतर रुग्णाला कित्येक आठवडे झोपवून ठेवण्याची रीत होती. अमेरिकेत सॅम्युएल लेव्हिन आणि बर्नार्ड लाऊन यांनी अशा रुग्णांना खुर्चीत बसवायला सुरुवात केली आणि १९५२ मध्ये त्याबद्दल लिहिलं, तेव्हा ते मोठं धाडस वाटलं. पुढे १९६६ मध्ये डॅलस इथे विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर ठेवलं गेलं. श्रम करताना शरीर जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकतं, ती त्यांची क्षमता सुमारे पाव हिश्श्यानं घसरली. तीस वर्षांनी तेच पाच जण पुन्हा तपासले. तीस वर्षांच्या वयानं त्यांची क्षमता जेवढी घटवली, त्याहून जास्त त्या तीन आठवड्यांनी घटवली होती. धडधाकट पोरांची ही गत, तर झटका येऊन गेलेल्या पन्नाशीच्या माणसाचं काय होत असेल?

"आपण राबणारी माणसं, आपल्याला कुठला हार्टचा आजार!"

चंद्रपूर-गडचिरोलीत हे अजून खात्रीनं बोललं जातं. गडचिरोलीतल्या 'सर्च' संस्थेच्या संशोधकांनी जिल्ह्यातल्या ८६ गावांतले मृत्यू नोंदवून २०१५ मध्ये निष्कर्ष मांडले. मृत्यूचं पहिलं कारण निघालं पक्षाघात. साधारण दर सात मृत्यूंमागे एक. पक्षाघात मेंदूचा आणि झटका हृदयाचा, पण दोन्हीच्या मुळाशी रक्तवाहिन्याच असतात आणि वाढलेला रक्तदाब व तंबाखू दोन्हीकडे घात करतात. 'सर्च'चे संस्थापक डॉ. अभय बंग यांना १९९५ मध्ये, वयाच्या ४४व्या वर्षी हृदयविकाराचा झटका आला. त्यांनी 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' हे पुस्तक लिहिलं आणि आहार, व्यायाम, ध्यान यांनी आपलं जगणं कसं बदललं ते उघड करून सांगितलं. 'मला होणार नाही' हा भ्रम एका डॉक्टरनं इतक्या प्रांजळपणे मोडला, याचं मोल मला फार वाटतं.

इथे तंबाखूच्या खर्र्याबद्दल बोललंच पाहिजे. खर्रा खाल्ल्यानं कामाला जोर येतो, असं मजूर सांगतात. तो जोर निकोटिनचा असतो. निकोटिन ठोके आणि रक्तदाब वाढवतं, रक्तवाहिन्या आवळतं. कष्टात हृदयाला जास्त रक्त लागतं, नेमकं तेव्हाच. खर्रा चालू ठेवून केलेला व्यायाम म्हणजे एका हातानं दिलेलं दुसऱ्या हातानं काढून घेणं.

"दिवसभर काम करतो, वेगळा व्यायाम कशाला?"

कष्ट वाया जात नाहीत, हे आधी मान्य करू. लंडनच्या दुमजली बसमध्ये दिवसभर जिने चढणाऱ्या कंडक्टरांना बसून गाडी चालवणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा हृदयविकार कमी होतो, हे जेरी मॉरिस यांनी १९५३ मध्येच दाखवलं होतं. पण झटक्यानंतर कामाची मात्रा आपल्या हातात नसते, ही अडचण आहे. रोवणीत चिखलात तासन्‌तास वाकून राहायचं, धानाचं पोतं दम रोखून उचलायचं, तेंदूपत्ता तर एप्रिल-मेच्या तडाख्यात तोडायचा. दम रोखून वजन उचललं की रक्तदाब एकदम उसळतो. व्यायामात याच्या उलट असतं. थोडं सुरू करायचं, मोजायचं, वाढवायचं आणि हवं तेव्हा थांबायचं.

सुरुवात पाच-दहा मिनिटांच्या सपाट चालण्यानं, दिवसातून दोन-तीनदा. काही दिवसांनी थोडी मिनिटं वाढवायची. पहिली आणि शेवटची पाच मिनिटं अगदी हळू, कारण एकदम सुरू करणं आणि एकदम थांबणं दोन्ही हृदयाला जड जातं. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. तिथे काही महिन्यांनी पोचलात तरी चालेल. वेग कळायला यंत्र लागत नाही. चालताना सोबत्याशी बोलता आलं पाहिजे, गाणं म्हणता येऊ नये. मोबाईलवर नाडीचा आकडा बघून धावू नका. झटक्यानंतर दिल्या जाणाऱ्या काही गोळ्या ठोके मुद्दाम कमी ठेवतात, त्यामुळे तो आकडा फसवतो.

पहाटेच चालायला हवं, हाही इथे घातक ठरू शकणारा समज. मोहफुलं आणि तेंदूच्या हंगामात वाघाच्या हल्ल्यांच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो. जंगलालगतच्या गावात उजाडल्यावर वस्तीतल्या रस्त्यावर किंवा अंगणातच फेऱ्या माराव्यात. उन्हाळ्यात चंद्रपूरचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा दहा-अकरानंतर व्यायाम नकोच. लघवी जास्त होण्याच्या गोळ्या चालू असतील तर उन्हात चक्कर लवकर येते. पाणी किती प्यायचं ते डॉक्टरांना विचारून ठेवा.

"छातीत भरून आलं तरी चालत राहा, गॅस असेल"

नाही. छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, गार घाम, चक्कर, नेहमीपेक्षा जास्त दम, यांतलं काहीही झालं की तिथेच बसा. जिभेखालची गोळी दिली असेल तर बसूनच घ्या. पाच मिनिटांत कमी झालं नाही तर १०८ ला फोन. बसल्याजागी छातीत दुखत असेल, ताप असेल, पावलं सुजत असतील किंवा हृदयाची झडप फार अरुंद असेल, तर डॉक्टरांनी तपासल्याशिवाय व्यायाम सुरूच करायचा नाही.

प्राणायामानं ब्लॉकेज उघडतं, गोळ्या सोडा, असंही सांगणारे भेटतात. भारतातल्या २४ रुग्णालयांतल्या जवळजवळ चार हजार रुग्णांवर योगाची चाचणी झाली, निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. योग करणारे पूर्वीच्या कामांकडे जास्त चांगले परतले, त्यांना बरंही जास्त वाटलं. पण पुढचे झटके आणि मृत्यू ठळकपणे कमी झाल्याचं सिद्ध झालं नाही. शिवाय त्यांची औषधं चालूच होती. योग करा, गोळ्याही घ्या.

"फिजिओथेरपी कंबरदुखीसाठी असते"

फिजिओथेरपिस्ट तुम्हाला सहा मिनिटं चालवून अंतर मोजतो, आधी-नंतर नाडी, रक्तदाब आणि दम बघतो आणि त्यावरून तुमची मात्रा ठरवतो. बायपासमध्ये छातीचं हाड कापलेलं असतं, ते जुळायला दोन-तीन महिने लागतात. तोवर पाण्याचा भरलेला गुंडसुद्धा उचलायचा नसतो, पण पाय रोज चालले पाहिजेत. भामरागड-एटापल्लीच्या माणसानं दर आठवड्याला नागपूर गाठावं, हे शक्य नाही आणि त्याची गरजही नाही. नीट शिकवून घेतलेला आणि फोनवर विचारपूस होत असलेला घरचा व्यायाम रुग्णालयातल्या व्यायामाइतकाच उपयोगी पडतो, असं अनेक देशांतल्या चाचण्यांत दिसलं आहे.

म्हणून सुट्टीच्या कागदावर सही करण्याआधी आपलं काम काय ते तिथे स्पष्ट सांगा आणि कागदावरच लिहून मागा : रोज किती मिनिटं चालू, किती किलोपर्यंत उचलू, आणि रोवणीला बांधीत कधी उतरू?