आधी तळ बघा, मग पडदे!

रील्सवर तुम्ही ती बोट नक्की पाहिली असेल. लांबलचक, अरुंद, छपरावर कुंड्या, आत लाकडं जाळायची छोटीशी शेगडी, खिडकीबाहेर बदकं. खाली कमेंट ठरलेली, ‘नोकरी सोडून हेच करायचंय यार!’ करा की. फक्त जुनी बोट घेऊन स्वतः सजवायचा विचार असेल, तर पडद्यांचा रंग ठरवण्याआधी तिला पाण्याबाहेर काढावं लागतं.

ही इंग्लंडची नॅरोबोट. तिथे अठराव्या शतकात कोळसा वाहायला जे कालवे खणले, त्यातल्या अनेकांची लॉक्स, म्हणजे बोट वर-खाली करणारे दरवाजेबंद हौद, जेमतेम ७ फूट रुंद. म्हणून बोटही तेवढीच रुंद. लांबी मात्र ७२ फुटांपर्यंत. आपल्या लाल परीपेक्षा अरुंद आणि जवळपास दुप्पट लांब! त्यातही पूर्वी नावाड्याचं अख्खं कुटुंब मागच्या दहाएक फुटांच्या खोलीत राहायचं. बाकी जागा मालाची.

जुनी बोट पसंत पडली की पहिला खर्च सर्व्हेअरचा. तो तळाला अल्ट्रासाउंडचं यंत्र लावून पत्र्याची जाडी मोजतो. हल्लीच्या स्टीलच्या बोटीत साधारण तळ १० मिलिमीटर, बाजू ६ आणि केबिन ४. गंजून तळ ४ मिलिमीटरच्या खाली गेला, तर विमा कंपन्या सहसा नाक मुरडतात. मग वरून नवा पत्रा वेल्ड करायचा. वेल्डिंगच्या उष्णतेने आतलं लाकूड नि फोम पेटू शकतो, म्हणून तिथलं आधी काढून ठेवायचं. म्हणजे ज्या किचनच्या प्रेमात पडून बोट घेतलीत, तेच उचकटायचं! बजेटचे बारा वाजतात ते इथे.

त्यानंतर डांबराचा काळा थर. तो दर दोन-तीन वर्षांनी पुन्हा द्यावा लागतो. (कोकणातल्या होडीवाल्यांना हे वेगळं सांगायला नको.) आत जमिनीखाली फरश्या किंवा विटा रचलेल्या असतात, बोट स्थिर राहावी म्हणून. फ्रिज, पाण्याची टाकी, पुस्तकं सगळं एकाच बाजूला लावलंत, तर बोट चक्क कलते.

एवढा उपद्व्याप कशाला, असं वाटत असेल तर टॉम रोल्टबद्दल वाचा. मेकॅनिकल इंजिनिअर, वय २९. १९३९ मध्ये बॅनबरीच्या टूली बोटयार्डात त्याने ‘क्रेसी’ ही जुनी लाकडी मालवाहू बोट राहण्यासाठी तयार करून घेतली. इंजिन फोर्ड मॉडेल टीचं, आत चक्क बाथटब. जुलैमध्ये लग्न केलं आणि नवरा-बायको त्याच बोटीतून निघाले. रेल्वे आणि ट्रकपुढे कालवे तेव्हा मरायला टेकले होते. त्या प्रवासावरचं त्याचं ‘नॅरो बोट’ हे पुस्तक १९४४ मध्ये आलं आणि १९४६ मध्ये कालवे वाचवणारी संघटना उभी राहिली. आज तिथे सुमारे २,००० मैलांचे जलमार्ग एक ट्रस्ट सांभाळतो. टूलींचं यार्डही आहे, आता शॉपिंग सेंटरच्या कुशीत!

मास्टर्ससाठी लंडनला निघालेल्यांनो, तिथली घरभाडी बघून बोटीचा मोह तुम्हालाही होईल. कायमची बांधायची जागा नसेल, तर एका ठिकाणी साधारणपणे १४ दिवसांपेक्षा जास्त थांबता येत नाही. म्हणजे कॉलेज तिथेच, घर मात्र पुढे सरकलेलं. दर चार वर्षांनी गॅस आणि वायरिंगची तपासणी करून सर्टिफिकेट घ्यावं लागतं. आणि बऱ्याच बोटींवर टॉयलेटची टाकी स्वतःच उचलून नेऊन रिकामी करायची असते. बोट बघायला गेलात, की ती कोणत्या प्रकारची आहे हे आधी विचारा.