जुनी कॉन्टेसा घेण्याआधी

तेलंगणा-महाराष्ट्र सीमेवरच्या बासर-धर्माबाद पट्ट्यात कुठे हिंदुस्थान मोटर्सची कॉन्टेसा (१९८४–२००२) धूळ खात उभी दिसली, तर आधी हे तपासा:

• पत्रा: दारांच्या खालच्या कडा, चाकांवरच्या कमानी, डिकीचा तळ. लोहचुंबक चिकटला नाही, तर आत लांबी भरली आहे.

• इंजिन: सुरुवातीच्या गाड्यांत अँबेसेडरचेच १.५ लिटर इंजिन होते, नंतरचे १.८ लिटर इसुझू अधिक दमदार.

• कागद: चासी व इंजिन क्रमांक आरसीशी जुळवा. तेलंगणाची गाडी महाराष्ट्रात नोंदवायला मूळ आरटीओची एनओसी लागते.

• भाव: चालू, नीटस कॉन्टेसाच्या किमतीतून दुरुस्तीचा पूर्ण खर्च वजा करा.

इंजिन पुन्हा बांधता येते. सांगाडा कुजला असेल, तर गाडी सोडून द्या.