चाक काढणं सोपं, बसवणं नीट ऐका

मागच्या भागात कार्बोरेटरवर बोललो, त्यानंतर सगळ्यात जास्त व्हॉइस नोट एकाच विषयावर आल्या: "दादा, पावसाळ्यात चाक चिखलाने भरतं, ते घरी काढून साफ करता येतं का?" येतं. हा त्या भागाचा लेखी मजकूर. बोलताना जे दोनदा सांगितलं ते इथे एकदाच ठेवलंय.

आधी आपल्या जिल्ह्याचं बोलू. कागदोपत्री आता अहिल्यानगर, तोंडात अजून नगरच. आपल्याकडे माती दोन तऱ्हेची आहे. राहुरी, श्रीरामपूर, नेवासा, कोपरगाव या पाटपाण्याच्या पट्ट्यात काळी माती. ती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की विटेसारखी होते. उसाच्या फडातून गाडी बाहेर काढली की मडगार्ड आणि टायरच्या मधे थर बसतो आणि थोड्या वेळाने चाक फिरायचंच थांबतं. हे ज्याने अनुभवलं नाही तो तिकडचा नाही. पारनेर, पाथर्डी, जामखेडकडे उलटं. तिथे मुरूम, बारीक कच आणि धूळ. ही धूळ दिसत नाही, पण चेनमध्ये आणि ब्रेकच्या ड्रममध्ये शिरून पॉलिश पेपरसारखं काम करते. म्हणजे एकीकडे चाक दिसतं घाण आणि आतून बरं असतं, दुसरीकडे दिसतं स्वच्छ आणि आत झिजत असतं.

आज मी शंभर सीसीच्या, मागे ड्रम ब्रेक असलेल्या गाडीबद्दल बोलतोय. स्प्लेंडर समजा. दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन लटकवून रोज डेअरीवर जाणारी बहुतेक गाडी हीच असते, आणि त्या ओझ्याचा मार मागच्या चाकावरच बसतो.

एक गोष्ट सगळ्यात आधी. गाडी डबल स्टँडवर, इंजिन चालू, पहिला गिअर टाकलेला आणि एका हाताने चिंधी धरून फिरती चेन पुसायची, असे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. हे करू नका. चिंधी चेन आणि दात्यांच्या मधे ओढली जाते आणि बोट तिच्यामागे जातं. चेन साफ करायची तर इंजिन बंद, गिअर न्यूट्रल, चावी खिशात, चाक हाताने फिरवायचं. वेळ थोडा जास्त लागतो, लागू द्या.

आता चाक. गाडी पक्क्या फरशीवर डबल स्टँडला लावा. अंगणात माती असेल तर स्टँडखाली जाड फळी घाला, नाहीतर नट सैल करताना स्टँड रुततं आणि गाडी कलते. गाडीला डबल स्टँडच नसेल तर विटा रचून जुगाड करू नका, ती गाडी गॅरेजात न्या. सोबत एक माणूस हवा, निदान धरायला तरी.

पाना हातात घ्यायच्या आधी फोन काढा आणि फोटो घ्या. दोन्ही बाजूंनी, जवळून. ब्रेकचा रॉड कुठून आलाय, वॉशर कुठल्या बाजूला आहे, चेन ताणायच्या पट्टीवरच्या खुणा कितव्या रेघेवर आहेत. जुने मिस्त्री हे डोक्यात ठेवतात, आपल्याला डोकं कशाला शिणवायचं.

मग ब्रेक रॉडच्या टोकाचा नट काढा. त्याची स्प्रिंग आणि बारीक पिन लगेच वाटीत टाका, ती फरशीवरून घरंगळली की सापडत नाही. त्यानंतर ब्रेकच्या झाकणाला धरून ठेवणारी चपटी लोखंडी पट्टी येते. गॅरेजात तिला टॉर्क रॉड म्हणतात. तिच्या नटाला एक दुमडलेली पिन असते, स्प्लिट पिन. पक्कडीने तिचे पाय सरळ करून ओढा, मग नट काढा. ही पट्टी लक्षात ठेवा, हिच्याकडे परत यायचंय.

शेवटी एक्सलचा मोठा नट. रिंग पाना वापरा, फिक्स पाना घसरला की नटाच्या कडा गोल होतात. एक्सल जाम असेल तर थेट हातोडी मारू नका, आटे बसतात. लाकडाचा तुकडा मधे धरून हलकं ठोका. एक्सल निघताना शेजारचं बुश खाली पडतं, ते कोणत्या बाजूचं ते बघून ठेवा. स्प्लेंडरसारख्या गाडीत चेन स्प्रॉकेट, म्हणजे आपल्याकडे ज्याला सगळे 'सॉकेट' म्हणतात, ते चिमट्यालाच राहतं. चाक ब्रेकच्या बाजूला सरकवलं की मधल्या रबरांमधून सुटून येतं. सगळ्या गाड्यांत असं नसतं. काहींत चाक पुढे ढकलून चेन दात्यांवरून उतरवावी लागते. बाहेर काढायला गाडी थोडी कलती करावी लागते, तेव्हा तो दुसरा माणूस कामाला येतो.

साफसफाईचं फार सांगण्यासारखं नाही. काळी माती कोरडी खरवडू नका, खुरप्याने तर नाहीच. ओलं गोणपाट गुंडाळून अर्धा तास ठेवा, मग काटकीने आणि ब्रशने ती ढेकळासारखी सुटते. पाण्याचा जोराचा फवारा हबच्या मधोमध मारायचा नाही, बेअरिंगमध्ये पाणी जातं. बाथरूमचं ॲसिड अलॉय व्हीलला लावायचं नाही, डाग कायमचे पडतात. बास.

ड्रमच्या आत मात्र हळू. तिथली काळी पूड म्हणजे झिजलेल्या लायनरची धूळ. तोंडाने किंवा हवेच्या पाइपने फुंकू नका, ती फुप्फुसात जाते. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं, आणि स्वस्तातल्या सुट्या पार्टमध्ये काय आहे ते डब्यावर लिहिलेलं नसतं. ओल्या फडक्याने पुसून घ्या, फडकं फेकून द्या. डिझेल, रॉकेल, ग्रीस यांचा थेंबही लायनरला लागू देऊ नका. तेल प्यायलेलं लायनर पुसून सुधारत नाही, बदलावंच लागतं.

आता कान लावायचं काम, पॉडकास्टवाल्यांना आवडेल असं. तारांचं चाक असेल तर छोट्या पान्याने एकेक तार टिचकी मारल्यासारखी वाजवा. घट्ट तार टणटणते, सैल तार 'ठप्' करते. एखाद-दुसरी सैल असेल तरी चाक कारागिराला दाखवा. रिंगचा आऊट काढणं हे घरचं काम नाही. मग बेअरिंगमध्ये बोट घालून फिरवा. लोण्यासारखं फिरलं तर ठीक, आत वाळू असल्यासारखं खरखरलं तर गेलं. बेअरिंगवर नंबर कोरलेला असतो, त्याचा फोटो दुकानात दाखवला की पुरतं. आणि टायरवरून सावकाश हात फिरवा. वेड्या बाभळीचा काटा अर्धा आत मोडून बसलेला असतो आणि आठवड्याने पंक्चर करतो.

इथपर्यंत चूक झाली तर फार तर खर्च होतो. बसवताना चूक झाली तर माणूस पडतो.

ती पट्टी आठवतेय ना, टॉर्क रॉड? तुम्ही ब्रेक दाबता तेव्हा लायनर फिरत्या ड्रमला आतून धरतात. ड्रम त्यांना आपल्याबरोबर फिरवायला बघतो, आणि लायनर ज्या झाकणावर बसलेत ते झाकणही फिरायला बघतं. त्याला थांबवणारी वस्तू एकच, ही पट्टी. ती लावायची राहिली किंवा तिचा नट वाटेत गळून पडला, तर पहिल्या जोराच्या ब्रेकला झाकण गर्रकन फिरतं. ब्रेकचा रॉड वाकतो किंवा तुटतो. मग एकतर ब्रेक उरतच नाही, नाहीतर चाक जागच्या जागी जाम होतं. करंजी घाटात, मागे दुधाचे कॅन असताना, यातलं कुठलंही एक पुरेसं आहे. गंमत म्हणजे अंगणात हळू फिरवून बघितलं तर काही कळतही नाही, हलका ब्रेक लागतो. म्हणून नट घट्ट, त्यात नवी स्प्लिट पिन, आणि पिनचे पाय दोन्हीकडे दुमडलेले. जुनी पिन सरळ करून परत घालू नका, ती वाकवलेल्या जागी मोडते. बांधायची तार तर अजिबात नको. काही रुपयांची वस्तू आहे, आणताना चार आणा.

पुढच्या ड्रमच्या चाकात पट्टीऐवजी खाच असते. शॉकअपच्या पायाला आतून एक लोखंडी उंचवटा असतो, तो ब्रेकच्या झाकणाच्या खाचेत बसलाच पाहिजे. बोट घालून चाचपा. तो नीट बसला नसेल तर पुढचं चाक जाम होऊ शकतं, त्याबद्दल अजून काही सांगायला नको.

चेनचा ताण. खालच्या चेनच्या मध्यावर बोटाने वर-खाली करा, अशा गाड्यांत साधारण २५ ते ३० मिलिमीटर खेळ असावा. नेमका आकडा तुमच्या गाडीच्या पुस्तकात आहे. चाक फिरवत तीन-चार जागी बघा, चेन सगळीकडे सारखी नसते. आपल्याकडे चेन वाजते म्हणून आवळून टाकायची सवय आहे. पण ओझं बसलं की चेन आणखी ताणली जाते आणि बेअरिंग खाते. दोन्ही बाजूंच्या खुणा एकाच रेघेवर हव्यात, नाहीतर चाक तिरपं चालतं.

एक्सलचा नट आवळताना दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा, लायनर ड्रमच्या बरोबर मधोमध बसतात. किती आवळायचं? मिस्त्रीच्या हाताला ते कळतं, आपल्या नाही. टॉर्क पाना नसेल तर घरी घट्ट करून हळूहळू जवळच्या गॅरेजपर्यंत जा आणि तपासून घ्या. यात कमीपणा नाही. लष्करी गाड्यांची चाचणी घेणारी डीआरडीओची व्हीआरडीई आपल्या नगरलाच आहे, तिथेसुद्धा नट अंदाजाने आवळत नसतील.

मग ब्रेक पेडलचा खेळ बघा, मागचा लाल दिवा लागतोय का बघा. आधी गाडी हाताने ढकलत ब्रेक दाबा, मग गल्लीत हळू चालवून, मग जरा जोरात. पाच-दहा किलोमीटर झाल्यावर सगळे नट पुन्हा एकदा चाचपा.

मागेही डिस्क ब्रेक असेल तर यातलं बरंच लागू होत नाही. एवढंच सांगतो: चाक बाहेर असताना ब्रेक दाबायचा नाही, पॅड एकमेकांना चिकटतात. त्यावर पुढचा भाग करतोय. तुमची गाडी कोणती आणि अडलंय कुठे, ते व्हॉइस नोटमध्ये सांगा, शक्यतो गाडी बंद ठेवून. मागच्या वेळी निम्म्या नोटमध्ये नुसतं सायलेन्सर ऐकू आलं.