बाळाच्या ब्लँकेटला क्रोशाची किनार

बारशाला काय न्यावे, हा ओढगस्तीच्या घरात मोठाच प्रश्न असतो. पूर्वी जुन्या नऊवारीच्या मऊ घड्या घालून दुपटे शिवले, की आहेर होत असे. अलीकडे आठवड्याच्या बाजारातही फ्लीसचे कापड मिळते. ते हलके व उबदार असते. पण कापून आणलेला तुकडा तसाच दिला तर ओकाबोका दिसतो. त्याला क्रोशाची किनार घातली, की त्यावर आपल्या हाताची खूण राहते. ती कशी घालावी, हे मैत्रिणींना सांगण्यासाठी हा लेख.

प्रथम कापड ओळखून घेऊ. फ्लीस म्हणजे मेंढीची लोकर नव्हे. पॉलिएस्टरच्या धाग्याचे हे कापड यंत्रावर विणतात व घासून त्याची लव वर काढतात. त्या लवेत हवा अडकते, म्हणून ऊब येते. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या माल्डन मिल्स या गिरणीने ते १९७९ साली तयार केले. कापलेल्या कडेचे धागे सुटत नाहीत, त्यामुळे कड दुमडावी लागत नाही. शिवाय धुतल्यावर ते आटत नाही. सुती दोरा मात्र आटतो. मग किनार आखडते आणि ब्लँकेटला चुण्या पडतात. म्हणून ॲक्रिलिकची लोकर घ्यावी. सुतीच हवा असेल, तर लडी आधी भिजवून वाळवावी.

खरी अडचण पुढे येते. क्रोशाची सुई बोथट असते, ती फ्लीसमधून जात नाही. माझी आई बाजारसमितीत पोती शिवते. तिचे दाभण येथे उपयोगी पडले. कडेपासून एक सेंटिमीटर आत खडूने रेघ आखावी आणि तिच्यावर दर सेंटिमीटरला दाभणाने भोक पाडावे. दाभण धागे बाजूला सारते, कात्रीसारखे तोडत नाही. म्हणून भोक पुढे फाटत जात नाही.

आता हिशोब. ब्लँकेट ७५ सेंटिमीटर रुंद व ९० सेंटिमीटर लांब धरू. चारी बाजू मिळून ३३० सेंटिमीटर, म्हणजे सुमारे ३३० भोके. पहिल्या फेरीत प्रत्येक भोकात दोन मुके खांब घालावेत. कोपऱ्यात तीन, म्हणजे किनार वळताना ओढली जात नाही. मुका खांब सोपा आहे. भोकातून सुई घालून लोकर वर ओढली, की सुईवर दोन फास होतात. पुन्हा लोकर घेऊन दोन्हींतून काढली, की झाला. भोकातून ओढलेला फास कडेपर्यंत सैल येऊ द्यावा. या फेरीला दोन मिलिमीटरची बारीक सुई आणि पुढे तीन मिलिमीटरची घ्यावी. टाके कमी पडले तर कापड गोळा होते, जास्त झाले तर किनारीला झालर येते. म्हणून दर वीतभर झाले की ब्लँकेट सपाट पसरून पाहावे.

दुसऱ्या फेरीत शिंपले करावेत. एक मुका खांब, दोन टाके सोडून पुढच्या एकाच टाक्यात पाच खांब, पुन्हा दोन टाके सोडून मुका खांब. एका शिंपल्याला सहा टाके लागतात. म्हणजे रुंदीला सुमारे २५, लांबीला सुमारे ३० आणि एकूण सुमारे ११० शिंपले. कोपऱ्यावर एखादा टाका कमीजास्त सोडून मेळ घालावा. शेवटी लोकरीचे टोक सुईत ओवून टाक्यांच्या आतून पाच-सहा सेंटिमीटर फिरवावे व मगच कापावे.

शोभेपेक्षा बाळ महत्त्वाचे. मोठ्या जाळीत बाळाची बोटे अडकतात, सुटलेला धागा बोटाला गुंडाळला जाऊन रक्त अडवतो. म्हणून विण घट्ट असावी. गोंडे, मणी, झालरी नकोत. एक वर्षाच्या आतले बाळ झोपलेले असताना सैल पांघरूण त्याच्याजवळ ठेवू नये, तोंडावर येण्याची भीती असते. मांडीवर घेताना ते वापरावे.

सर्वांत मोठा धोका शेगडीचा. आपल्याकडे बाळंतिणीला आणि बाळाला शेक-धुरी देतात. सुती दुपट्याच्या सवयीने फ्लीस निखाऱ्याजवळ नेले, तर ते वितळून कातडीला चिकटते. माझ्या ताईच्या बाळंतपणात आजी शेगडीचा हट्ट सोडीना. मी एक कात्रण चिमट्यात धरून अंगणात पेटवून दाखवले. त्याची राख झाली नाही. काळा, कडक गोळा झाला. आजीने तो हातात घेऊन बराच वेळ पाहिला. मग शेगडीच्या खोलीत हे ब्लँकेट न्यायचे नाही, असा नियम तिनेच केला.

आमच्या घरात कॉलेजात आलेली मी पहिली. ताईने दहावीनंतर शाळा सोडली, ती धाकट्या बहिणीची फी भरता यावी म्हणून. तिच्या बाळाला पहिला आहेर माझा असावा, एवढीच इच्छा होती. रोज अभ्यासानंतर तासभर बसले, तर आठवड्यात किनार पुरी होते. ज्यांच्या घरी पाळणा हलणार आहे, त्यांनी जरूर करून पाहावी.