लेंटमध्ये इन्स्टाग्राम डिलीट, ईस्टरला पुन्हा इन्स्टॉल. मग ख्रिस्ती ‘आत्मसंयम’ म्हणजे नेमकं काय?

‘ईस्टरपर्यंत इन्स्टावर नाही. काम असेल तर कॉल करा.’ फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास अशी एखादी स्टोरी तुमच्याही फीडमध्ये येऊन गेली असेल. वसई, मुंबई किंवा गोव्यातला तुमचा एखादा ख्रिस्ती मित्र त्यानंतर गायब होतो आणि थेट ईस्टरच्या दुपारी परत येतो, बहुतेक वेळा जेवणाच्या फोटोसकट.

कुणी सोशल मीडिया सोडतं, कुणी मटण-चिकन, कुणी सिगारेट, तर कुणी चहातली साखर. पण चाळीस दिवस दाबून धरायचं आणि एकेचाळिसाव्या दिवशी तुटून पडायचं, याला संयम म्हणायचं का? चर्चमध्ये या प्रश्नावर शतकानुशतकं विचार झाला आहे. त्यातून निघालेली काही उत्तरं, फोन हातातून सुटत नाही अशा कुणालाही उपयोगी पडतील अशी आहेत.

लेंटचे नियम काय आहेत?

ईस्टरच्या आधीच्या काळाला लेंट, उपवासकाळ किंवा प्रायश्चित्तकाळ म्हणतात. राखेच्या बुधवारी तो सुरू होतो. २०२६ मध्ये हा बुधवार १८ फेब्रुवारीला होता आणि ईस्टर ५ एप्रिलला. मोजून पाहिलं तर मधले दिवस ४६ भरतात. पण रविवार हा येशूच्या पुनरुत्थानाचा दिवस, म्हणून सहा रविवार उपवासात धरत नाहीत. उरतात ४०. येशूने अरण्यात केलेल्या ४० दिवसांच्या उपवासाची ही आठवण आहे.

कॅथलिक चर्चचे नियम तसे सौम्य आहेत. राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे या दोन दिवशी १८ ते ५९ वयाच्या व्यक्तींनी एकदाच पोटभर जेवायचं, बाकी दोन वेळा थोडंसं. लेंटच्या शुक्रवारी १४ वर्षांवरच्यांनी मांस टाळायचं. आजारी व्यक्ती आणि गरोदर स्त्रियांना उपवासातून सूट असते.

गंमत म्हणजे या नियमात मासे चालतात. आता वसईच्या किनाऱ्यावर राहणाऱ्याने शुक्रवारी चिकनऐवजी पापलेट खाल्लं, तर नियम मोडला नाही. पण संयम झाला का? नियम पाळणं आणि मनावर ताबा येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इथेच लक्षात येतं.

बायबल काय म्हणतं?

गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात पौलाने पवित्र आत्म्याच्या फळाचे नऊ गुण सांगितले आहेत. यादी प्रेमाने सुरू होते आणि संयमाने संपते. मराठी बायबलमध्ये या शेवटच्या गुणाला ‘इंद्रियदमन’ असा शब्द आहे. मूळ ग्रीक शब्द आहे ‘एन्क्रातेइया’. त्यात ‘क्रातोस’ म्हणजे सत्ता हा शब्द दडलेला आहे. थोडक्यात, स्वतःवर सत्ता कुणाची, हा मुद्दा.

करिंथकरांना लिहिताना पौल खेळाडूचं उदाहरण देतो. करिंथ शहराजवळ दर दोन वर्षांनी मोठे क्रीडासामने भरायचे, त्यामुळे वाचकांना ते लगेच कळलं असणार. खेळाडू पथ्य पाळतो ते शरीराचा राग येतो म्हणून नव्हे, तर त्याला शर्यत जिंकायची असते म्हणून. याच पत्रात पौल आणखी एक कसोटी देतो: एखाद्या गोष्टीची मोकळीक असली, तरी मी तिच्या ताब्यात जाणार नाही.

म्हणजे ‘इन्स्टाग्राम वाईट आहे का?’ हा प्रश्न बाजूला पडतो. खरा प्रश्न उरतो: मालक कोण आहे?

पौलाने उलट बाजूने इशाराही दिला आहे. ‘हे खाऊ नको, त्याला शिवू नको’ असे नुसते नियम दिसायला धार्मिक वाटतात, पण वासना आवरायला त्यांचा उपयोग होत नाही, असं तो कलस्सैकरांना लिहितो.

चौथ्या शतकातलं ‘स्क्रोलिंग’

इ.स. ३९९ मध्ये वारलेला एवाग्रियस हा संन्यासी इजिप्तच्या वाळवंटात राहायचा. माणसाला छळणाऱ्या आठ विचारांची यादी त्याने केली. खादाडपणा, लोभ, राग वगैरे. पुढे पोप ग्रेगरी यांनी तिची फेरमांडणी केली आणि त्यातून ‘सात महापापं’ आली.

या आठांतला एक विचार म्हणजे ‘अकेदिया’. याला तो दुपारचं भूत म्हणतो. दुपारी संन्याशाला वाटतं की दिवस सरतच नाहीये. तो सारखा खिडकीकडे बघतो, सूर्य किती कलला ते बघतो, कुणी भेटायला येतंय का बघतो. मग त्याला आपली जागा नकोशी होते, काम नकोसं होतं. खिडकीच्या जागी फोन ठेवा, चित्र ओळखीचं वाटेल.

एवाग्रियसचा पहिला उपाय म्हणजे विचार आला की तो ओळखणं आणि त्याला नाव देणं. ‘मला कंटाळा आलाय’ हे कळलं, की हात आपोआप फोनकडे जाण्याआधी एक क्षण मिळतो.

सोळाव्या शतकातला हॅबिट ट्रॅकर

येशूसंघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांच्या ‘आध्यात्मिक साधना’ या पुस्तकाला १५४८ मध्ये पोपची मान्यता मिळाली. त्यातल्या दोन पद्धती आजही वापरता येतील.

पहिली: एकच दोष निवडा. दुपारी आणि रात्री मागे वळून बघा आणि जितक्या वेळा तोल गेला तितके ठिपके कागदावर काढा. मग सकाळशी संध्याकाळ, काल आणि आज, गेला आठवडा आणि हा आठवडा, अशी तुलना करा.

दुसरी: पुढच्या जेवणात किती खायचं हे आधीचं जेवण झाल्यावर, भूक नसताना ठरवा. भूक लागल्यावर ठरवायला गेलं, तर भूकच निर्णय घेते. फोनलाही हे लागू आहे. रात्री किती वेळ रील्स बघायच्या, हे रात्री अंथरुणात ठरवून चालत नाही.

मोडला तर?

इथे ख्रिस्ती विचार नेहमीच्या ‘विलपॉवर’च्या सल्ल्यांपासून वेगळा होतो. संयमाला ‘फळ’ म्हटलंय. फळ ओढून काढता येत नाही, झाडाची निगा राखावी लागते. नको ते करतो आणि हवं ते करत नाही, ही कबुली खुद्द पौलाने रोमकरांना लिहिलेल्या पत्रात दिली आहे. म्हणून बाराव्या दिवशी रील बघितली तर सगळं संपलं असं नसतं. कबूल करायचं, मदत मागायची, तेराव्या दिवशी पुन्हा सुरू करायचं.

१९३५ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ची मुळं अशाच एका ख्रिस्ती चळवळीत होती. त्यांची पहिली पायरी म्हणजे दारूपुढे आपलं काही चालत नाही हे मान्य करणं. व्यसन असेल तर एकट्याने चाळीस दिवस काढण्याचा हट्ट धोक्याचाही ठरू शकतो. रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकदम बंद करण्याआधी डॉक्टरांशी बोलायलाच हवं.

वाचलेल्या वेळेचं काय?

लेंटचे तीन भाग आहेत: प्रार्थना, उपवास आणि दानधर्म. उपवास एकटा येत नाही. वाचलेले पैसे गरजूला द्यायचे, वाचलेला वेळ कुणासाठी तरी वापरायचा. २०२० च्या राखेच्या बुधवारी पोप फ्रान्सिस यांनी फोनपासून दूर होऊन शुभवर्तमानाशी जोडून घ्या, असं आवाहन केलं होतं. म्हणजे सोडायचं ते काहीतरी धरण्यासाठी. जागा रिकामीच ठेवली, तर ईस्टरला जुनी सवय तिथेच परत येऊन बसते.

आणि ती स्टोरी? राखेच्या बुधवारच्या मिस्सामध्ये दरवर्षी मत्तयाच्या शुभवर्तमानातला जो भाग वाचतात, त्यात येशू सांगतो की उपवास करताना तोंड धुवा, डोक्याला तेल लावा, म्हणजे उपवास आहे हे लोकांना कळणार नाही. मित्रांना काळजी वाटू नये म्हणून कळवणं ठीक आहे. पण स्टोरी किती जणांनी बघितली हे दर तासाला तपासत असाल, तर उपवास अजून सुरू व्हायचाय.