ग्रंथ उघडले, अक्षरे राहिली

साने गुरुजी ११ जून १९५० रोजी गेले. त्यांच्या लेखनावरचा स्वामित्वहक्क २०१० सालाबरोबर संपला आणि १ जानेवारी २०११ पासून 'श्यामची आई' कोणीही छापावी, कोणीही इंटरनेटवर ठेवावी अशी झाली. खरे तर हे दहा वर्षे आधीच व्हायचे. १९५७ च्या कायद्याने लेखकामागे ५० वर्षे हक्क दिला होता. पण रवींद्रनाथ टागोर १९४१ साली गेले होते. विश्वभारतीकडचे त्यांचे हक्क १९९१ अखेर संपणार होते. मुदत संपता संपता केंद्र सरकारने वटहुकूम काढला, १९९२ मध्ये कायदा दुरुस्त झाला आणि ५० ची ६० वर्षे झाली, तीही सरसकट सगळ्या लेखकांसाठी. टागोरांपायी साने गुरुजींची पुस्तके दहा वर्षे अडली. आणि इंटरनेट मराठी घरांत शिरले ते नेमके याच काळात.

तरीही गेल्या पाव शतकात मराठी अभिजात साहित्य इंटरनेटवर उशिरा आले, याचे खापर कायद्यावर फोडता येत नाही. हरिभाऊ आपटे आणि राम गणेश गडकरी दोघेही १९१९ साली गेले. लक्ष्मीबाई टिळक १९३६ मध्ये, श्रीधर व्यंकटेश केतकर १९३७ मध्ये. या सगळ्यांचे हक्क दुरुस्तीपूर्वीच संपले होते आणि ते पुन्हा जिवंत झाले नाहीत. पुस्तके मोकळी होती, अडचण अक्षरांची होती.

अमेरिकेत ४ जुलै १९७१ रोजी इलिनॉय विद्यापीठाच्या संगणकावर मायकेल हार्ट यांनी स्वातंत्र्याचा जाहीरनामा टंकून ठेवला. मोफत ई-पुस्तकांचे प्रोजेक्ट गुटेनबर्ग सुरू झाले ते तिथून. तो मजकूर सगळा मोठ्या अक्षरांत होता, कारण लहान अक्षरांचीही तेव्हा सोय नव्हती. पण रोमन अक्षरे तर होती! आपल्याकडे नव्वदच्या दशकात देवनागरी आली ती ज्याच्या त्याच्या फॉन्टमध्ये. एका दुकानात श्रीलिपीत टंकलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की चौकोन आणि चिन्हांचा उकिरडा दिसायचा. हौशी मंडळींनी रात्री जागून टंकलेले अभंग आणि नाट्यछटा त्या फॉन्टबरोबरच निकामी झाल्या. युनिकोड ही सगळ्या संगणकांची समान अक्षरपद्धत रुळल्यावर कुठे 'क' हा सगळीकडे 'क' राहू लागला.

तोवर दुसरी वाट सापडली होती: टंकू नका, फोटो काढा. संगणकशास्त्रज्ञ राज रेड्डी यांच्या पुढाकारातल्या दहा लाख पुस्तकांच्या प्रकल्पाची भारतीय शाखा म्हणजे डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया. बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था तिच्या केंद्रस्थानी होती. त्यातून हजारो जुनी पुस्तके पडद्यावर आली. मूळ संकेतस्थळ पुढे बंद पडले. पण प्रती इंटरनेट अर्काइव्हवर गेल्या होत्या म्हणून वाचल्या. त्या प्रती उघडून बघाव्यात. पान तिरके, कडेला वाचनालयाचा शिक्का, एखाद्या ठिकाणी स्कॅन करणाऱ्याचा अंगठा, मध्येच दोन पाने गायब. यादीत मराठी नावे रोमन लिपीत, ज्याला जसे सुचले तशी. हरिभाऊ शोधायचे तर त्यांच्या आडनावाची दोन-तीन स्पेलिंगे टाकून पाहायची. ग्रंथ होता, पण मुक्कामाचा पत्ता नव्हता.

याच काळात संस्था जाग्या झाल्या. यशवंतराव चव्हाण प्रतिष्ठानने केतकरांचा ज्ञानकोश संकेतस्थळावर आणला, विश्वकोशाचे खंड खुले झाले. साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपली पुस्तके पीडीएफमध्ये दिली. धनंजय कीर आणि स. गं. मालशे यांनी संपादलेले महात्मा फुले यांचे समग्र वाङ्मय त्यातलेच. मोल्सवर्थचा १८५७ चा कोश शिकागो विद्यापीठाने शोधता येईल असा मांडला आणि एकोणिसाव्या शतकातला अडलेला शब्द चुटकीसरशी सापडू लागला.

मोल्सवर्थ वापरला की बाकीच्यांतली उणीव जाणवते. पानाचा फोटो वाचता येतो. त्यात शब्द शोधता येत नाही, अंधाला तो ऐकता येत नाही, मोबाइलवर अक्षर मोठे केले की ओळ पडद्याबाहेर जाते. फोटोतून मजकूर काढणारी यंत्रे आता मराठी बरी वाचतात, पण जुन्या खिळ्यांपुढे अजून अडखळतात. 'घर' चे 'धर' होते, 'भार' चा 'मार' होतो, झिजलेल्या ठशाचा रफार उडतो, तर अनुस्वार कागदावरच्या डागालाही चिकटतो.

हे निस्तरायचे काम मराठी विकिस्रोत या खुल्या ग्रंथसंकेतस्थळावर चालते. डावीकडे मजकूर, उजवीकडे पानाचा फोटो. यंत्राने काढलेले पान लाल, एकाने तपासले की पिवळे, दुसऱ्याने पुन्हा पाहिले की हिरवे. छापखान्यातले मुद्रितशोधनच हे, फक्त बिनपगारी. एक पान नीट तपासायला पुष्कळदा ते नुसते वाचण्याच्या कितीतरी पट वेळ जातो. म्हणूनच लाल पाने ढिगाने आणि हिरवी मोजकी.

दरम्यान दुसरेही एक फुकट बोकाळले. पु. ल. देशपांडे २००० साली गेले; त्यांच्या लेखनाचे हक्क २०६० अखेरपर्यंत आहेत. तरी त्यांच्या पुस्तकांच्या पीडीएफ व्हॉट्सॲपवर प्रसादासारख्या वाटल्या जातात. हक्काने मोकळे झालेले गडकरी न वाचता धूळ खातात आणि चोरीचे पुलं हातोहात फिरतात, कारण चोरणाऱ्याने फाइलला निदान नाव तरी नीट दिलेले असते!

या पाव शतकाची जमेची बाजू मोठी आहे. आडगावच्या विद्यार्थ्याला किंवा न्यू जर्सीतल्या मराठी माणसाला फुल्यांचा मूळ शब्द पाहायला आज पुण्या-मुंबईचे ग्रंथालय गाठावे लागत नाही. पण मोकळे होणे ही कायद्याची तारीख आहे. ती आपोआप उजाडते. अत्र्यांची १ जानेवारी २०३० ला येईल, खांडेकरांची २०३७ ला. मजकूर शुद्ध होण्याला अशी तारीख नसते. नवी पुस्तके मोकळी होण्याची वाट पाहण्यापेक्षा केव्हाच मोकळे झालेले एखादे लाल पान रोज पिवळे केले, तर वाचकांच्या पदरात जास्त पडेल.