सोने खरे, पण होन खरा का?

दरवर्षी ६ जून जवळ आला की रायगडाचे फोटो मोबाइलवर फिरू लागतात आणि त्यांच्या जोडीने एका नाण्याचेही. एका बाजूला तीन ओळींत ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला दोन ओळींत ‘छत्र पति’, कडेने ठिपक्यांचे वर्तुळ. खालचा मजकूर ठरलेला: ‘अस्सल शिवराई होन, योग्य किंमत आल्यास देणे आहे.’ तांब्याची शिवराई बाजारात मुबलक मिळते, कारण महाराजांच्या नावाची ती नाणी एकोणिसाव्या शतकापर्यंत पाडली जात होती. सोन्याचा होन मात्र फार दुर्मीळ. म्हणून तो समोर आला की तीन प्रश्न वेगवेगळे विचारायचे. धातू सोने आहे का? नाणे त्या काळचे आहे का? आणि ते कितपत शाबूत आहे? फसगत होते ती पहिल्या उत्तरावर दुसरा प्रश्न निकालात काढल्यामुळे.

१६७४ साली राज्याभिषेकाच्या निमित्ताने हा होन पाडला गेला. त्या काळी तो एकटा नव्हता. सभासदाच्या बखरीत खजिन्यातल्या नाण्यांची जंत्री आहे. तीत शिवराईसोबत पातशाही, अच्युतराई, देवराई, धारवाडी असे कितीतरी होन येतात. इतकी नाणी एकाच वेळी चालत असताना किंमत ठरे ती कस आणि वजनावर. राज्याभिषेकासाठी इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन चौल, अष्टमी, निजामपूर असा रस्ता धरून पाचाडला आला. तहाच्या बोलण्यात त्याने कंपनीचे नाणे स्वराज्यात चालावे, असे कलम मांडले. महाराजांच्या उत्तराचा आशय असा होता: रयतेला तोटा होईल असे नाणे आम्ही तिच्यावर लादणार नाही, मात्र ते कसाने मोगलांच्या आणि इतर राजांच्या नाण्याच्या तोडीचे असेल, तर मनाईही करणार नाही.

पाण्यातले वजन

कस पाहायचा म्हटले की आपल्याकडे सराफाचा कसोटीचा दगड आठवतो. जुन्या नाण्याला तो लावू नये, कारण घासल्याचा ओरखडा कायमचा राहतो. नाण्याला धक्का न लावणारा उपाय म्हणजे ते आधी हवेत आणि मग दोऱ्याने टांगून पाण्यात बुडवून तोलणे. होन करंगळीच्या नखाएवढा असतो, वजन तीन ग्रॅमच्या आत. २.८ ग्रॅमचे नाणे शुद्ध सोन्याचे असेल तर पाण्यात त्याचे वजन सुमारे ०.१४५ ग्रॅमने घटते, बावीस कॅरेटचे असेल तर ०.१५८ ग्रॅमने, आणि मुलामा दिलेले पितळ असेल तर ०.३३ ग्रॅमने. पितळ लगेच उघडे पडते. पण शुद्ध आणि बावीस कॅरेट यांच्यातला फरक अवघा तेरा मिलिग्रॅम. तो पकडायला मिलिग्रॅमचा काटा हवा. सराफाकडचे एक्सआरएफ यंत्र सोयीचे खरे, पण ते वरचा पातळ थरच वाचते; जाड मुलामा त्याला चकवू शकतो.

एवढे करून कळते ते धातूपुरतेच. दुर्मीळ होनाची किंमत त्यातल्या सोन्याच्या अनेक पट असते, त्यामुळे नकली होन खऱ्या सोन्यात करणेही परवडते.

ठोकलेले की ओतलेले?

इथे भिंग हाती घ्यावे लागते. होन दोन ठशांमध्ये सोन्याची चकती ठेवून हाताने ठोकलेला. घाव सरळ बसेलच असे नाही, म्हणून अक्षरे एका अंगाला सरकतात आणि कडेची टिंबे अर्धी कापली जातात. ठोकलेल्या अक्षराची कड धारदार असते आणि भोवतीचा पृष्ठभाग ताणलेला दिसतो. साच्यात ओतलेल्या नाण्याची अक्षरे बोथट असतात, खोलगट भागात बारीक छिद्रे दिसतात आणि काठावर सांधा किंवा तो लपवायला मारलेली कानस.

सर्वांत भक्कम पुरावा तुलनेतून मिळतो. होनावर साल नाही, टांकसाळीचे नावही नाही. त्यामुळे अक्षरांचे वळण ज्ञात होनांशी ताडून पाहावे लागते. नाशिकजवळ अंजनेरीच्या नाणेशास्त्र संस्थेने १९८९ साली काढलेला माहेश्वरी आणि विगिन्स यांचा मराठा टांकसाळींवरचा ग्रंथ अशा वेळी कामी येतो. दोन होन एकाच ठशाचे निघाले तर त्यात वावगे काही नाही. पण दोघांचा काठही तसाच वाकडा आणि घावही तेवढाच सरकलेला असेल, तर ते एका मूळ नाण्यावरून ओतलेले समजावेत. हाताचा घाव दोनदा तंतोतंत सारखा पडत नाही.

जुनी नक्कल हा आणखी वेगळा प्रकार. चौलसारख्या बंदरांतून व्हेनिसचे डुकाट कोकणात येत. साडेतीन ग्रॅमचे, जवळजवळ शुद्ध सोन्याचे हे नाणे व्हेनिसने १२८४ पासून १७९७ पर्यंत पाडले. त्यावरच्या मानवाकृतींमुळे आपल्याकडे ते ‘पुतळी’ झाले आणि माळेत ओवले गेले. मागणी वाढल्यावर इथल्या सोनारांनीही तशाच पुतळ्या घडवल्या. त्यांवरची लॅटिन अक्षरे नुसत्या रेघोट्या होऊन बसली आहेत. त्यांना व्हेनिसचे नाणे म्हणता येणार नाही, पण म्हणून त्या लबाडीच्याही नव्हेत; तो दागिना आहे आणि दागिना म्हणूनच त्यांची किंमत करावी.

दर्जा कसा ठरतो?

संग्राहक ‘फाइन’, ‘व्हेरी फाइन’, ‘एक्स्ट्रा फाइन’ अशा पायऱ्या लावतात. अमेरिकी तांब्याच्या सेंटसाठी विल्यम शेल्डनने १९४९ साली आखलेली ७० गुणांची मोजपट्टी आता जगभर चालते. यंत्राच्या नाण्यांना ती चपखल बसते. हातठोक नाण्याच्या बाबतीत मात्र झीज आणि कच्चा घाव यांत फरक करावा लागतो. झिजलेले अक्षर उंचवट्यावर गुळगुळीत होते. घाव कच्चा असेल तर अक्षर उमटलेलेच नसते आणि तिथे चकतीचा मूळ खरखरीतपणा शिल्लक असतो. झीज दर्जा खाली आणते. कच्चा घाव हा जन्मजात दोष म्हणून वेगळा नोंदवतात. माळेत ओवण्यासाठी लावलेली कडी नंतर काढली तरी काठावर डाख राहतो, आणि दर्जा तिथेच घसरतो. सोने गंजत नाही, म्हणून ते चकचकीत करण्यात लाभ काहीच नाही. पॉलिश केले की बारीक ओरखडे पडतात ते कायमचे.

उरतो प्रश्न नाणे आले कुठून याचा. शंभर वर्षांवरील नाणे १९७२च्या कायद्याने पुरावस्तू ठरते. ते देशाबाहेर नेता येत नाही आणि त्याच्या व्यापाराला परवाना लागतो. जमिनीत दडवलेला, दहा रुपयांहून अधिक किमतीचा ऐवज सापडला तर १८७८च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. म्हणून ‘जुन्या वाड्याचा पाया खणताना हंडा लागला’ असे विकणारा सांगू लागला, की खरेदीदाराने तिथेच थांबावे. गोष्ट खोटी असेल तर होनही संशयास्पद. आणि खरी असेल तर तो होन परस्पर विकण्याचा हक्क त्याला नाही.